स्वयंपाकघरातला वायरलेस

११ मार्च

आई,

पत्राच्या पहिल्या ओळीत नमस्कार घालायचा असतो. तो घातला असं धरून चाल.

तुझं पत्र मिळालं. मला नाही, पोरीला. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाने टपाल आलं म्हणजे केवढा मान! पोस्टमनने खालच्या सायकलवाल्याकडे दिलं, त्याने जिन्यातून हाक मारून तिच्या हातात दिलं, आणि मी कामावरून येईपर्यंत तिने ते इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता. "आजीने बोलावलंय! अख्ख्या सुट्टीसाठी! बोटीचं सुकाणू हातात देणार आहे!" मला धड चपलाही काढू दिल्या नाहीत.

आधी मला विचारायचं, ही साधी रीत. पण मी नाही म्हणाले असते, म्हणून तू तिला विचारलंस. आता नाही म्हणणारी वाईट कोण, तर मी. तुझी ही कला इतक्या वर्षांत जराही गंजली नाही, याचं कौतुक वाटतं.

तू लिहिलंयस, "तो सुट्टीभर समुद्रावर असेल, पोरीच्या नजरेसही पडणार नाही." आई, मी कोणाची मुलगी आहे? इथे शाळेला सुट्टी उशिरा, मेअखेरीस लागते, आणि तेव्हाच मासेमारीची बंदी लागते. बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बोट चालवणारे तांडेल घरात पाय पसरून बसलेले असतात. तुझा तांडेल कुठे बसलेला असेल? तुझ्याच स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत. आणि पोरीला तू कोणत्या बोटीचं सुकाणू देणार होतीस, वाळूत उभ्या असलेल्या?

लोकांच्यात जावई रुसला तर मुलगी माहेरी येते. आपल्याकडे मुलगी घर सोडून गेली आणि जावई माहेरपणाला राहिला. तेही सात वर्षं! मी इथे कोणाला हे सांगत नाही. सांगितलं तर लोकांना विनोद वाटेल, आणि त्यांचं चुकणारही नाही.

"काही झालं तरी तो तिचा बाप आहे" हे तू पुढच्या पत्रात लिहिणार, म्हणून मीच लिहून टाकते. बापाने सात वर्षांत पोरीला एक पेन्सिलसुद्धा पाठवलेली नाही. तिला तो आठवत नाही. तिला तू आठवतेस, कारण मी तुझ्याबद्दल सांगते. चांगलंच सांगते. ही माझी चूक.

पोर येणार नाही. तिला तसं लिहिण्याचे कष्ट तू घे. बोलावणं तुझं होतं.

तुझी मुलगी


२४ मार्च

आई,

चार पानं! एवढं तर तू मला माझ्या लग्नाच्या आधीही समजावलं नव्हतंस.

गुडघा दुखतो, एक दात पडला, खलाशी पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे सगळं वाचलं. शेवटच्या पानावर मुद्दा आला. "एका चापटीसाठी कोणी संसार मोडत नाही. आणि मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही. त्या सकाळी वीज गेली होती, वायरलेस बंद होता. मी कोणाच्या बाजूने बोलायचं?"

हे मी पूर्वीही ऐकलं आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला ते पटलं होतं. खरं सांगते, त्याच एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. अख्ख्या बंदराने ऐकलं, पण आईने ऐकलं नाही. आईने ऐकलं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी धक्क्यावरून हाकलून दिलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले.

तू ऐकलं नाहीस ना? मग आता वाच.

एक खलाशी आजारी होता, म्हणून जाळं ओढायच्या यंत्रावर तूच मला पाठवलंस. "पोरीला मी बघते, जा तू." मी तुझ्या जावयाला म्हणाले, इथे खाली खडक आहे, बाबा इथे कधी जाळं टाकत नसत. त्याने टाकलं. अडकलं, फाटलं. माझं खरं ठरलं, हा माझा गुन्हा. खलाशांसमोर काही बोलला नाही. केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. चापट एक नव्हती, आई. मी वायरलेसच्या फळीवर आदळले आणि खाली पडले. माईक माझ्याबरोबर खाली आला आणि त्याचं बटण माझ्याच पाठीखाली दाबलं गेलं. मला ते कळलंही नाही.

एकाने बटण दाबून धरलं की बाकी कोणालाच बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. हे तूच मला शिकवलंस, स्वयंपाकघरातल्या त्या सेटसमोर, मी पायाखाली डबा घेऊन उभी राहायचे तेव्हा. "बोलून झालं की बटण सोड गं, लोक खोळंबलेत." त्या सकाळी सगळे खोळंबले होते. प्रत्येक बोटीवर, बर्फ कारखान्यात, डिझेलच्या पंपावर, प्रत्येक तांडेलाच्या घरात मी ओरडत होते. मी उठले तेव्हा बटण सुटलं आणि चॅनल मोकळा झाला. पहिल्यांदा कोणीतरी घसा खाकरला. मग दुसऱ्याने वाऱ्याची चौकशी केली. आणि तेव्हा मला समजलं की सगळ्यांनी ऐकलं आहे.

वायरलेसवर ऐकलेलं धक्क्यावर काढायचं नाही, हा आपल्या बंदराचा नियम. कोणाला कुठे मासे लागले, ते चोरलं जाऊ नये म्हणून केलेला. चांगला नियम आहे. तो माझ्या पाठीवर कोणी लावला, हे मला अजून समजलेलं नाही. बोट लागली तेव्हा धक्क्यावर एवढी माणसं, आणि प्रत्येकाला नेमकी तेव्हाच आपापली दोरी तपासायची होती.

मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. तू म्हणालीस, "मी ऐकलं नाही, मी कशी बोलू?" आणि त्याचं ताट वाढलंस. आधी त्याचं.

आता तू ऐकलंस. आता बोल.


९ एप्रिल

आई,

तुझं उत्तर आलेलं नाही. त्याच्या आतच मला दुसरं काहीतरी सापडलं आहे, म्हणून लिहिते.

परवा पोर कारखान्यात आली होती. मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवते तो कारखाना, तुला मागे लिहिलं होतं. (जाळी विणणारे हात ताडपत्रीला उत्तम चालतात. मालक म्हणतो, असे टाके कुठे शिकलात? मी म्हणते, घरी.) पळता पळता तिने अर्ध्यावर आलेल्या शटरवर कपाळ आपटलं. मी बर्फ आणायला धावले. शेजारच्या दुकानात लादी मिळाली, ती फोडायला हातोडी मिळेना, हातोडी मिळाली तर गुंडाळायला फडकं मिळेना. सगळं घेऊन येईपर्यंत टेंगूळ लिंबाएवढं झालं होतं. मी तिच्या कपाळाला बर्फ लावत खाली बसले आणि तशीच बसून राहिले. ती विचारत होती, "आई, लागलं मला की तुला?"

आई, त्या दिवशी बोट लागली तेव्हा तू धक्क्यावर उभी होतीस. तू कधी धक्क्यावर येत नसायचीस. तुझ्या हातात रुमालात बांधलेला बर्फ होता. फोडून, बारीक करून, गाठ मारून तयार. दुसऱ्या हातात तुझा मोठा निळा स्कार्फ. मी अजून बोटीवरून उतरलेही नव्हते, तोंड दुसरीकडे होतं. तू वर आलीस, बर्फ माझ्या हातात दिलास, स्कार्फ डोक्यावरून गालापर्यंत ओढलास आणि म्हणालीस, "नीट गुंडाळून घे, वारा आहे."

इतकी वर्षं मला वाटत आलं की तू माझं तोंड पाहिलंस आणि बर्फ आणलास. कधी आणलास? कुठून? बर्फ कारखाना धक्क्याच्या त्या टोकाला आहे.

वीज गेली नव्हती. तू ऐकलंस. पोर तुझ्या मांडीवर असेल तेव्हा, दोन वर्षांची. तिनेही ऐकलं असेल. सेटचा आवाज बारीक केलास का गं? की शेवटपर्यंत ऐकलंस, म्हणजे बर्फ किती लागेल याचा अंदाज यावा?

मला राग त्याचा येत नाही, हे वाचून तुला नवल वाटेल. तो तसाच आहे, त्याच्याकडून मला काही नको. तू काळजी घेतलीस, हे मला सहन होत नाही. तू हातोडी शोधलीस, रुमाल शोधलास, गुडघे दुखत असताना धक्का चालत आलीस. एवढं सगळं केलंस, फक्त तोंड उघडलं नाहीस. आणि "वारा आहे" हे वाक्य तुला किती चटकन सुचलं! बाबा असताना तूही तो निळा स्कार्फ बांधायचीस, वारा नसलेल्या दिवशीसुद्धा. मी लहान होते, मला वाटायचं तुला थंडी फार वाजते.

तर आता माझी अट ऐक. पोरीला भेटायचं असेल तर सकाळी, सगळ्या बोटी बाहेर असताना, बटण दाब आणि सांग: त्या दिवशी मी ऐकलं होतं. एवढंच. त्याला काढ असं मी म्हणत नाही. शिव्या घाल असंही म्हणत नाही. एकदा तू हे बोललीस की तो तुझ्या खुर्चीत बसेल की नाही, हे तुझं तूच बघशील. सुट्टीच्या आधी बोल, बंदी लागायच्या आधी. बोटी वाळूत आल्यावर रिकाम्या चॅनलवर बोलशील, तेवढी तू हुशार आहेस.

बोललीस तर मी स्वतः पोरीला घेऊन येईन.


२३ एप्रिल

आई,

म्हणजे ऐकलं होतंस. "ऐकलं असलं तरी काय करणार होते" याचा दुसरा काही अर्थ होत असेल तर मला सांग.

बाकीचं पत्र वाचलं. या वयात तुला मी चारचौघांत उघडी पाडते आहे. तांडेल गेला तर बोट कोण नेणार. त्याच्यासारखा समुद्र कळणारा माणूस आजूबाजूच्या कोणत्याच बंदरात नाही. (खडकावर जाळं टाकणारा हाच ना तो?) आजोबांनी बांधलेली बोट मी माझ्या हट्टापायी बुडवायला निघाले आहे. आणि ती बोट शेवटी पोरीचीच होणार, मग तिच्याच पोटावर पाय का देतेस.

बोटीचं मला सांगू नकोस. बोट किती गुणी आहे हे मला माहीत आहे. घरात ती पहिली, मग बाबा, मग जावईबापू, मग पाऊसपाणी, आणि मग जागा उरली तर मी. लहानपणी मी एकदा तापाने फणफणले होते आणि तू दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून बघायचीस. मला वाटलं डॉक्टरची वाट बघतेस. तू नांगर धरतोय का ते बघत होतीस.

तरी एक सांगते, आणि सांगताना माझाच मला राग येतो. मला तुझी आठवण येते. रोज येते. सकाळी उठल्यावर या खोलीत आवाजच नसतो, खाली सायकलवाल्याचा पंप तेवढा चालतो. आपल्या घरी डोळे उघडायच्या आधी तुझा आवाज कानावर पडायचा: "कुठे आहात? सगळे ठीक? जेवलात का?" समुद्रातल्या दहा-बारा बाप्यांना तू रोज विचारायचीस, जेवलात का. ते हसायचे, चिडवायचे, "आईसाहेब, आमच्या बायका नाही विचारत एवढं." मला त्या आवाजाचा किती अभिमान होता! तो आवाज माझ्यासाठी एकदा वापर, एवढंच मागते आहे. तुझ्याजवळ आहे तो. फक्त मला मिळालेला नाही.

पोरीला मी सांगितलं आहे: आजीला एक गोष्ट मोठ्याने सांगायची आहे, ती सांगितली की आपण जाऊ. ती म्हणाली, "मग सांगेल की. आजीला काय, बोलायला आवडतं." दारामागे खडूने रेघा ओढून सुट्टीपर्यंतचे दिवस मोजते आहे.


८ मे

आई,

तुझं पत्र आजच आलं. चारच ओळी, पण मी उभ्याने वाचल्या आणि मग जिन्यातच बसले.

"सोमवारी सकाळी बोलले. सगळ्या बोटी बाहेर होत्या. सगळ्यांनी ऐकलं. आता पोरीला घेऊन ये."

मी खूप वाईट लिहिलं तुला. त्यातलं एकही परत घेत नाही, पण आणखी लिहीत नाही. धन्यवाद म्हणू का गं तुला? आईला धन्यवाद कसे म्हणतात?

सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी निघतो. तिकिटं काढली. पोरीने पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तिला गळ टाकायला शिकवणार आहेस, असं तूच कबूल केलं आहेस म्हणे. गुडघ्याला लावायला इथे एक तेल मिळतं, कारखान्यातल्या बायका वापरतात, ते आणते आहे. आणि मी घरात यायच्या वेळी तो घरात नसावा, एवढं बघ. ते तुला आता जड जाणार नाही.

मी येते आहे, आई.


१७ मे

आई,

काल बर्फ कारखान्यातल्या काकूंचा फोन आला होता, कारखान्यात. मीच त्यांना आदल्या दिवशी कळवलं होतं की आम्ही येतोय, स्टेशनवर कोणालातरी पाठवा. त्या बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, "वायरलेसवरचं बोलायचं नसतं, बाळा. पण तू पोरीला घेऊन येतेस, म्हणून सांगते. मागच्या वेळी आम्ही कोणी बोललो नाही, ते मला अजून खुपतं."

मग त्यांनी सांगितलं. मी तुला परत सांगते, कारण तुझ्या चार ओळींत जागा कमी पडली असावी.

सोमवारी सकाळी तुझा आवाज आला. "मी बोलते आहे. सगळ्यांनी ऐका." काकू पेन ठेवून सेटजवळ गेल्या. बोटीवरचे लोक थांबले. मग काहीच नाही. बटण तू सोडलं नव्हतंस, म्हणून मध्ये कोणाला काही विचारताही येईना. तुझा श्वास ऐकू येत होता. नळ गळत होता, म्हणजे तो अजून कोणी दुरुस्त केलेला नाही. काकू म्हणाल्या, "आम्ही सगळे वाट बघत होतो गं. तुझ्या आईने एक शब्द जरी काढला असता ना, तर दहाजण बोलायला तयार होते." तुला ते कसं कळणार? बटण तुझ्याच अंगठ्याखाली होतं.

मग मागे खुर्ची सरकली. आपली बोट पाण्यातला पंखा बदलायला किनाऱ्यावर ओढलेली आहे, म्हणून तो घरीच होता, हे तू मला लिहिलं नव्हतंस. त्याचा आवाज आला. "सकाळी सकाळी कोणाशी बोलताय? चहा कुठाय?"

आणि तू म्हणालीस, "आणते हं. बसा तुम्ही."

हे सगळ्यांनी ऐकलं. त्या बाबतीत तुझं पत्र खोटं नाही. सोमवार होता, सकाळ होती, बोटी बाहेर होत्या, तू बोललीस. मला खोटं लिहिलंस असं मी कोणापुढेही सिद्ध करू शकणार नाही, इतकं ते नीट बसवलेलं आहे.

गप्प राहिली असतीस तर मी समजले असते, आई. जमलं नाही असं लिहिलं असतंस तरी, खरं सांगते, मी कदाचित आले असते. पण तू मला पत्र घालून बोलावलंस, पोरीसकट, त्याच घरात, तोच खुर्चीत बसलेला असताना. मी दारात उभी राहिल्यावर काय करणार होतीस? वारा आहे म्हणणार होतीस?

तिकिटं परत केली. यापुढे पोरीच्या नावाने पत्र पाठवू नकोस, मी सायकलवाल्याला सांगून ठेवलं आहे. मलाही लिहू नकोस. मी उत्तर देईन, म्हणून म्हणते.

पोरीला सांगणं तेवढं राहिलं होतं. ते आज सकाळी केलं. ती भरलेल्या पिशवीवर बसली होती, उतरायला तयार नव्हती.

"पण आजी बोलली ना?" तिने विचारलं. "तूच म्हणालीस, बोलली म्हणून."

"बोलली."

"मग? काय बोलली?"

"चहा आणते म्हणाली."